डोक्यातली धुई : जिनिंगच्या काट्यावरचं एक प्रकरण

भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली ६,३२० किलो. रिकामी ३,६४०. उरला कापूस २,६८० किलो, म्हणजे २६ क्विंटल ८०. अठरा हंगाम जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला ही वजाबाकी कागदावर करावी लागत नाही. जानेवारीतल्या त्या दुपारी नानांनी ती कागदावर केली, तरी चुकली. रिकाम्या वजनाच्या रकान्यात आधीच्या गाडीचे ४,०९० लिहिले गेले. शेतकऱ्याच्या पावतीतून साडेचार क्विंटल कापूस गायब. त्या दिवशीच्या भावानं तीस हजारांच्या वरची रक्कम. शेतकरी खिडकीशी आला आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "नाना, तुम्हीपण काटा मारायला लागले का?"

पावती लगेच दुरुस्त झाली. पण नानांनी त्या दिवशी पेन ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

धुळे आणि अमळनेरच्या मधल्या एका गावात माझा दवाखाना आहे. हे प्रकरण नानांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात माझीही एक चूक आहे, ती मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

मार

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, आवक जोरात. नाना कापसाचा ओलावा बघायला ट्रॉलीमागे गेले आणि त्याच वेळी कुणीतरी फाळक्याची, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेची, खिट्टी काढली. फाळका खाली आला तो उजव्या कानाच्या वर. नाना पडले नाहीत, बेशुद्ध झाले नाहीत. ट्रॉलीला धरून उभे राहिले आणि त्यांनी दोनदा एकच प्रश्न विचारला, "गाडी खाली झाली का?" त्यानंतरची दहाएक मिनिटं त्यांना आजही आठवत नाहीत.

माझ्याकडे आणलं तेव्हा बोलणं नीट, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या, हातापायांत जोर. वाटेत मात्र दोन उलट्या झाल्या होत्या. डोक्याला मार लागून एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या की मी थांबत नाही, म्हणून धुळ्याला पाठवलं. सीटी स्कॅन झालं. रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही. रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल. देव पावला."

त्या 'नॉर्मल' शब्दानं पुढचे दोन महिने नानांचा छळ केला.

मेंदूला बसलेला हादरा, ज्याला आम्ही कन्कशन म्हणतो, तो साध्या स्कॅनवर सहसा दिसत नाही. स्कॅन आम्ही काढतो ते जिवावर बेतणारं काही नाही ना हे बघायला. हादऱ्यात मेंदूच्या पेशींचे तंतू ताणले जातात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही उलथापालथ जागेवर आणायला पेशींना जास्तीची ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. शुद्ध हरपली नाही म्हणजे हादरा बसला नाही, असंही नसतं.

पुढे एकदा जिनिंगचे शेठ मला म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना? मग?" शेठची स्वतःची विहीर आहे. मी विचारलं, "व्होल्टेज कमी असताना तुमची मोटार काय करते?" म्हणाले, "घुमते. पाणी उचलत नाही." म्हटलं, "वायरमन आला आणि म्हणाला की खांब उभे आहेत, तारा शाबूत आहेत, तर तो खोटं बोलतो का? नाही. पण पाणी येतं का?" शेठ काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मात्र त्यांनी काट्यावर आणखी एक पोरगा ठेवला.

अंधारी खोली

आता माझी चूक. मी सांगितलं, "आराम करा. टीव्ही नको, मोबाइल नको, डोक्याला ताण नको. बरं वाटलं की कामाला लागा." किती दिवस आराम ते सांगितलं नाही.

घरच्यांनी सल्ला अक्षरशः पाळला. मधल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावली. पोरांना आवाज करायची बंदी. नाना तीन आठवडे त्या खोलीत पडून. डोक्याला उपरणं करकचून बांधलेलं, कपाळावर बाम, रात्री हळदीचं दूध. माय दर शनिवारी उतारा टाकायची. उताऱ्यानं कुणाचं बिघडलं नाही. बिघडवलं ते खोलीनं. दिवसा झोपलेला माणूस रात्री तीनला टक्क जागा, आणि जागा माणूस अंधारात काय करणार? डोकं दुखतंय का, किती दुखतंय, काल जास्त होतं की आज, याचाच हिशोब.

आम्ही शिकलो तेव्हा आराम हेच औषध होतं. आता जगभरच्या तज्ज्ञांचं मत बदललं आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेचं निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ते आहे खेळाडूंच्या दुखापतीबद्दल, पण मुद्दा काट्यावरच्या माणसालाही लागू पडतो : पहिले एक-दोन दिवस बेताचा आराम, मग हळूहळू चालणं-फिरणं, घरातली रोजची कामं. त्रास थोडा वाढला तर चालतो. दहापैकी दोन गुणांपेक्षा जास्त वाढू नये आणि तासाभरात उतरावा, एवढं बघायचं. हे मी वाचलेलं होतं. गर्दीच्या ओपीडीत तोंडातून जुनंच वाक्य निघालं.

बहुतेक मोठी माणसं दोन ते चार आठवड्यांत सावरतात. नानांना तीन आठवड्यांनी, डिसेंबरच्या मध्यावर, थेट काट्यावर पाठवलं गेलं. सकाळी आठ ते रात्री आठ.

खिशातली पट्टी

नऊ आठवड्यांनी नाना समोर बसले तेव्हा पहिलं वाक्य अहिराणीत निघालं : "डॉक्टरसाहेब, मना डोकामा धुई भरेल शे." माझ्या डोक्यात धुकं भरलंय. वहिनींनी पुढं जोडलं, "हाऊ माणूस आते पहिलासारखा नही राहिना." पोरावर हात उचलला होता. त्याआधी कधी उचलला नव्हता.

'ब्रेन फॉग' हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो, पण धुई म्हणजे नेमकं काय हे रुग्णाकडून काढून घ्यावं लागतं. नानांना मी विचारत गेलो. आकडा वाचता येतो, पण वाचून वर बघेपर्यंत निसटतो. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचंही कळत नाही. जिनच्या शेडचा आवाज आधी कानाला होता, आता कपाळात आहे. वहीतली ओळ सोडून डोळा खालच्या ओळीवर घसरतो. संध्याकाळी चारनंतर सगळंच जड. हे पाच त्रास आहेत आणि पाचांचं कारण एक असेलच असं नाही. या प्रकरणात मला काही सांगायचं असेल तर ते एवढंच. 'डोक्याला मार लागला म्हणून' एवढं एकच उत्तर धरून बसलो असतो, तर नाना अजून त्या खोलीत असते.

बोलता बोलता त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. दहातल्या सात जागा फुटलेल्या. "कधी घेतली?" "परवा." मेडिकलमधून मिळणारी, दोन-तीन औषधं एकत्र असलेली डोकेदुखीची गोळी. सकाळच्या चहाबरोबर एक, दुपारी लागली तर एक, रात्री एक. डिसेंबरपासून जवळपास रोज.

डोकेदुखीची गोळीच डोकं दुखवते, हे रुग्णाला पटवणं फार अवघड. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, आणि अशी मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की मेंदू त्या गोळीची वाट बघायला लागतो आणि उशीर झाला की दुखून आठवण करून देतो. नानांचे तीन महिने भरले नव्हते, पण रस्ता तोच धरला होता.

तपासणीच्या खाटेवर

आधी धोक्याच्या गोष्टी. दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, झटका, एका बाजूची कमजोरी, झोपेतून न उठणं, सतत उलट्या, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव. यातलं काही असेल तर दवाखान्यात बोलत बसायचं नाही, हलवायचं. नानांना यातलं काही नव्हतं. पण नऊ आठवडे उलटूनही दुखणं उतरत नव्हतं, आणि मेंदूबाहेर सावकाश साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं. म्हणून धुळ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी स्कॅन एकदा पुन्हा केलं. स्वच्छ. तिसरं करायचं नाही, हे तिथेच ठरवून टाकलं. आपल्याकडे लोक पोथीच्या पिशवीसारखी स्कॅनची पिशवी घेऊन जळगाव, नाशिक, पुणं करतात आणि दर मुक्कामी 'नॉर्मल' ऐकून जास्त घाबरतात.

मग मान. कवटीच्या खाली, उजव्या बाजूला अंगठा दाबला आणि नाना ओरडले, "हेच! हेच दुखतं, इथून भुवईपर्यंत जातं." फाळका लागला तेव्हा डोक्याबरोबर मानेलाही हिसका बसला होता, आणि तिच्याकडे नऊ आठवडे कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

मग चक्कर. त्यांनी ती सांगितलीच नव्हती. विचारल्यावर म्हणाले, "कुशीवर वळलं की खाट फिरते. सगळ्यांचीच फिरते ना?" खाटेवर बसवलं, डोकं उजवीकडे वळवून झटक्यात मागं निजवलं, मान खाटेच्या कडेखाली. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग डोळे ठेका धरल्यासारखे वर आणि उजवीकडे पिळून उडायला लागले. नानांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. वीसेक सेकंदांत सगळं शांत. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळी नळीत शिरले की असं होतं. डोक्याला मार हे त्याचं ओळखीचं कारण. त्याला गोळी लागत नाही. डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण परत जागेवर सरकवायचे. आठ दिवसांत दोनदा केलं. तिसऱ्या वेळी निजवलं तर डोळे स्थिर. धुईचा एक पापुद्रा तिथेच गळाला.

डोळे. पेन नाकाच्या दिशेनं आणत गेलो, "दोन दिसले की सांगा." साधारण सहा सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसायला हवा. नानांना चौदालाच दोन दिसले. वहीतली ओळ का घसरत होती ते कळलं. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवायचे असतात, ती ताकद कमी झाली होती. जिनिंगची वही, बारीक आकडे, बारा तास.

शेवटी रक्त. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, बी-१२ मात्र प्रयोगशाळेच्या खालच्या मर्यादेच्या बरंच खाली. नाना माळकरी आहेत, वीस वर्षांपासून. हे फाळक्यानं झालेलं नाही, आधीपासूनच असणार. पण विसरभोळेपणात आणि थकव्यात याचाही वाटा असू शकतो आणि भरून काढायला सोपं. इंजेक्शनं सुरू केली.

एक प्रश्न वहिनींना बाहेर बसवून विचारला : रात्री जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? नाना थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "नाही. पण कुणी विचारलं, हे बरं झालं." रात्रीच्या जागरणाबद्दल, पोरावर उगारलेल्या हाताबद्दल ते त्यानंतरच बोलले.

चाल

गोळ्या एकदम बंद केल्या. आधीच सांगून ठेवलं होतं की आठ-दहा दिवस डोकं जास्त दुखेल, कारण ते न सांगता बंद केल्या तर चौथ्या दिवशी रुग्ण मेडिकलच्या दारात उभा असतो. नाना पाचव्या दिवशी उभे होते. दुकानदाराला मी फोन करून ठेवला होता, त्यानं चहा पाजून परत पाठवलं. अकराव्या दिवशी डोकेदुखी दहापैकी सातवरून चारवर आली. तज्ज्ञांनी रात्री ॲमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा दिली, झोप आणि डोकेदुखी दोन्हीसाठी. तोंडाला कोरड पडते अशी तक्रार आली, पण झोप लागत होती, म्हणून चालू ठेवली. ही गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नसते, हे जाता जाता सांगतो.

मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा. डोळ्यांचा व्यायाम घरीच : दोरीला तीन मणी ओवून एक टोक खुंटीला, दुसरं नाकाशी, आणि नजर एका मण्यावरून दुसऱ्यावर. पोरांना तो खेळ वाटला, तेही बसायला लागले.

सगळ्यात जास्त फरक पडला तो चालण्यानं, असं माझं मत. मोठ्या केंद्रांत ट्रेडमिलवर चालवून कोणत्या ठोक्यांना त्रास वाढतो ते काढतात. आमच्याकडे ट्रेडमिल नाही, रस्ता आहे. एका रविवारी सकाळी साडेसहाला नाना, मी आणि बोटाला लावायचं नाडीचं यंत्र. गावाबाहेरच्या पाझर तलावाकडे निघालो. दर दोन मिनिटांनी चाल वाढवायची, मी ठोके वाचायचे, त्यांनी डोकं किती दुखतंय ते दहापैकी सांगायचं. तीन, तीन, तीन, चार. १३२ ठोक्यांना एकदम सहा. थांबलो. बांधावर बसून हिशोब नानांनीच केला, न चुकता : १३२ चे ऐंशी ते नव्वद टक्के, म्हणजे १०५ ते ११८. तेवढ्याच ठोक्यांत रोज वीस मिनिटं चालायचं. डोकं दुखतंय म्हणून बुट्टी नाही आणि बरं वाटतंय म्हणून धावायचं नाही. दर दोन आठवड्यांनी मोजणी पुन्हा.

मला वाटतं, काट्यावरच्या माणसाला हे पटलं ते आकडा होता म्हणून. 'झेपेल तेवढं करा' हे वाक्य ज्याला झेपणंच कळेनासं झालंय त्याच्या काय कामाचं?

काम फेब्रुवारीच्या मध्यावर, सकाळचे दोनच तास. पंचवीस मिनिटं लिहायचं, पाच मिनिटं बाहेर लिंबाखाली. भरलेलं आणि रिकामं वजन एकाच चिठ्ठीवर, वर गाडीचा नंबर, आणि चिठ्ठी गाडीबरोबरच फिरणार. आकडा मोठ्यांदा वाचायचा, पोऱ्यानं परत म्हणायचा. कानात कापसाचे बोळे घालायची नानांची सवय मोडली. शेडमध्ये जाताना घाला, काट्याच्या खोलीत काढा. सतत कान झाकले की साधा आवाजही टोचायला लागतो. घरात काळा चष्मा लावण्याचंही तेच.

आखाजी

एप्रिलमध्ये डोकेदुखी महिन्यातून सहा-सात दिवसांवर आली आणि सगळे खूश. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना सासुरवाडीला चोपड्याकडे गेले. तिथे मेव्हणीच्या घरची हळद. त्रेचाळीस अंशांचं ऊन, रात्री एकपर्यंत डीजे, पत्त्यांचा डाव, पाणी कमी आणि चहा जास्त. सकाळी उठले ते पुन्हा धुईतच. फोनवर रडत होते, "सगळं वाया गेलं. आतून परत काहीतरी तुटलं."

काही तुटलं नव्हतं. डोक्याला नवा मार नाही, धोक्याचं एकही लक्षण नाही. व्होल्टेज नुकतं यायला लागलेलं आणि एका रात्रीत सगळ्या मोटारी लावल्या. दोन दिवस काम बंद, पाणी, रात्री दहाला झोप, चालणं निम्मं पण बंद नाही. वहिनींना सांगितलं की खिडकीला गोधडी लावायची नाही. सहाव्या दिवशी आधीच्या जागी आले. त्या सहा दिवसांनी नानांची भीती निम्म्यानं गेली असावी, कारण त्यानंतर डोकं दुखलं की त्यांनी मला फोन करणं बंद केलं.

आता

जूनअखेर डोकेदुखी महिन्यातून तीन-चार दिवस, गोळी क्वचित. ॲमिट्रिप्टिलिन पावसाळ्यात हळूहळू बंद केली. पेन सात सेंटीमीटरपर्यंत एकच दिसतो. पूर्ण बरे झाले का? नाही. दोन माणसं एकदम बोलली की अजून गोंधळतात, हात वर करून म्हणतात, "एकेक जण." झोप बिघडली की दुसरा दिवस जड. फाळक्याची खिट्टी निघाल्याचा आवाज आला की मान आपोआप खांद्यात जाते. त्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि ट्रॉलीपासून लांब राहण्याची ती सवय असली तर असू द्यावी.

दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला. नाना पूर्ण वेळ काट्यावर, सोबत तो पोऱ्या. डिसेंबरात कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून खिडकीशी थांबलो. रांगेत तोच शेतकरी होता. नानांनी आकडा वाचला, पोऱ्यानं परत म्हटला, पावती फाडली. शेतकऱ्यानं ती न बघताच घडी घालून खिशात टाकली आणि निघाला.

"ओ भाऊ," नानांनी खिडकीतून हाक मारली, "इकडे या. पावती उघडा, आणि मोठ्यांदा वाचा."